साबणाच्या डबीतून चौकशी

रविवार, सकाळचे पावणेदहा. बाळकुमच्या खाडीकाठी देवळामागे उभ्या असलेल्या एका निळ्या स्कूटरखाली डोकं घालून पडलेले श्री. त्र्यंबक चौबळ, वय छप्पन्न, राहणार वर्तकनगर, ठाणे, यांना गावकऱ्यांनी पाय धरून बाहेर ओढलं. त्यांच्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर होता, डाव्या हातात ट्रान्झिस्टर होता, आणि स्कूटर त्यांची नव्हती.

एवढं पोलिसांच्या नोंदीत आहे आणि ते खरं आहे. नोंदीत जे नाही ते असं, की स्कूटर त्र्यंबकरावांच्या होऊ घातलेल्या जावयाची होती. आणि तो जावई व्हायचा की नाही, हे त्या क्षणापर्यंत त्र्यंबकरावांच्या हातात होतं. पुढच्या क्षणापासून ते हेरंब फणसे याच्या हातात गेलं.

त्र्यंबकरावांची एकुलती एक मुलगी उत्तरा बँकेत होती. तिने आजवर सहा मुलं पाहिली होती. कल्याणचा एक जण तिला दिवसभर झोपलेला वाटला, डोंबिवलीचे दोघं एकमेकांसारखे वाटले, बाकीच्यांबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सातवा हा हेरंब. तो पोहे खाऊन गेल्यावर उत्तराने बशा उचलता उचलता सांगितलं, "मला चालेल." तिच्या आईच्या, नीलाताईंच्या, हातातला पाण्याचा तांब्या तिथल्या तिथे थांबला. सहा वर्षांत हे वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. त्यांनी त्याच रात्री निनावाच्या गोड वड्या केल्या आणि नाव घातलेल्या कडीच्या डब्यात भरून फणशांकडे पाठवून दिल्या.

आता फक्त त्र्यंबकरावांनी होकार कळवायचा बाकी होता. पण त्र्यंबकराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आलेला माल ठोकून, मोजून, खरवडून बघितल्याशिवाय त्यांनी तीस वर्षांत कशावर सही केली नव्हती. बोल्टला जो नियम तो जावयाला नको, असं म्हणणं म्हणजे बोल्टवर अन्याय.

"आधी चौकशी," ते म्हणाले.

चौकशी ही आपल्याकडे जुनी आणि आदरणीय गोष्ट आहे. मुलाच्या गल्लीतल्या वाण्याकडे जायचं, अर्धा किलो रवा घ्यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "ते फणसे कसे आहेत हो?" वाण्यालाही ठाऊक असतं की हा रव्यासाठी खोपटपर्यंत आलेला नाही. त्र्यंबकरावांनी वाणी, न्हावी आणि इस्त्रीवाला असे तिन्ही पल्ले गाठले. मुलगा निर्व्यसनी. नोकरी कायम. आईशी मोठ्याने बोलत नाही. इस्त्रीवाल्याने मात्र शर्टावर पाणी शिंपडता शिंपडता एक बारीकशी गोष्ट सांगितली. गेले चार-पाच रविवार हेरंब सकाळी नऊला स्कूटर काढून कुठेतरी जातो आणि दहानंतर परत येतो.

त्र्यंबकरावांना पायाखालची गल्ली हलल्यासारखी वाटली. ज्यांना एकोणनव्वद साल आठवत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रविवारी नऊ ते दहा टीव्हीवर पौराणिक मालिका असे, आणि त्या तासात ठाण्यात कुत्रीही रस्ता ओलांडत नसत. लग्नाचे मुहूर्त पुढे ढकलले जात. खोपटच्या डेपोतून सुटणाऱ्या एसटीत कंडक्टर आणि ड्रायव्हर एकमेकांना तिकीट देत. अशा वेळी एक धडधाकट तरुण, घरात चालू टीव्ही असताना, घराबाहेर पडतो. का?

"बाई," वरच्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी निदान केलं. "माझ्या आतेबहिणीच्या नणंदेच्या जावयाचं असंच होतं. तो तर सोमवारी जायचा. दोन संसार निघाले. दोन्हीकडे सारखेच पडदे."

"पडद्यांचं काय मध्येच?" नीलाताई म्हणाल्या.

"एकदम ताग्याचे घेतले की स्वस्त पडतात," कमळाबाई म्हणाल्या. "त्यावरूनच तर कळलं."

उत्तराला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. तशीही ती रविवारी त्या वेळी घरी नसे. गेले काही रविवार ती मैत्रिणीकडे रंगीत टीव्हीवर मालिका बघायला जात होती. चौबळांचा टीव्ही काळा-पांढरा होता आणि त्यात देव आणि दानव सारखेच करडे दिसत.

पहिल्या रविवारी त्र्यंबकरावांनी पायी पाठलाग करून पाहिला. रिकाम्या रस्त्यावर पाठलाग करणं किती कठीण असतं याची कल्पना त्यांना नव्हती. खोपटच्या त्या लांबलचक सरळ रस्त्यावर दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक खांबामागे उभं होतं. खांब बारीक होता. त्र्यंबकराव नव्हते. हेरंबने स्कूटर थांबवून हात जोडले.

"नमस्कार काका. इकडे कुठे?"

"दूध," त्र्यंबकराव म्हणाले.

"या खांबापाशी?"

"केंद्र बंद आहे का ते पाहत होतो."

"सगळंच बंद आहे काका आत्ता," असं म्हणून हेरंब इतकं सरळ हसला, की त्र्यंबकरावांचा संशय दुप्पट झाला. निष्पाप माणूस एवढा स्वच्छ हसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माणसामागे माणूस जाऊ शकत नसेल तर यंत्र जाईल, हा विचार तळमजल्यावरच्या सीतारामपंतांचा. पंत पूर्वी मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या खोलीत एडनपासून योकोहामापर्यंतचे संदेश अजून लोंबकळत असावेत, अशी वायरींची गर्दी होती.

"एक लहानसा प्रक्षेपक करतो," पंत म्हणाले. "टीक टीक टीक असा आवाज सोडत राहील. तुम्ही माझा ट्रान्झिस्टर घेऊन दोन गल्ल्या मागे राहायचं. आवाज मोठा झाला की जवळ, बारीक झाला की लांब. बोटी अशाच शोधतात."

"हे कायद्यात बसतं ना?"

"समुद्रात बसतं," पंत म्हणाले.

इथे एक मागची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती पुढे येऊन त्र्यंबकरावांच्या समोर बसणार आहे. आदल्या वर्षी मरून रंगाचा शर्ट घालणारा एक इसम रोज संध्याकाळी खोपटच्या बसथांब्यापासून वर्तकनगरपर्यंत उत्तराच्या मागे येत असे. बोलत नसे, हात लावत नसे, नुसता दहा पावलं मागे. त्र्यंबकराव तिला घेऊन चौकीत गेले होते. तिथल्या हवालदाराने विचारलं होतं, हात लावला का, काही बोलला का, शिट्टी तरी मारली का? नाही? मग मागे येणं हा काही गुन्हा नाही साहेब, रस्ता सरकारी आहे. त्र्यंबकरावांनी तेव्हा टेबलावर हात आपटला होता. दोरीने बांधलेलं पेन उडून परत आलं होतं. "माणसाच्या मागावर राहणं हा गुन्हा नाही? मग गुन्हा आहे तरी काय? असल्याला आधी आत टाका आणि मग कलम शोधा." भाषण चांगलं झालं. मरून शर्ट पुढे बरेच महिने येत राहिला. उत्तरा लांबून जाणारी दुसरी बस धरू लागली.

या प्रसंगाची आठवण त्र्यंबकरावांना या वेळी मुळीच झाली नाही. बापाने केली की ती चौकशी असते.

पंतांना डबी हवी होती. प्लॅस्टिकची, झाकण घट्ट बसणारी. त्र्यंबकरावांनी बाथरूममधली गुलाबी साबणाची डबी आणून दिली. पंतांनी बोटीवरच्या जुन्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक तिच्या बुडाला चिकटवलं आणि बाहेर दोन वायरी काढल्या. वायरींचे चिमटे स्कूटरच्या मागच्या दिव्यापाशी लावायचे. इंजिन चालू झालं की डबी बोलायला लागणार, बंद झालं की गप्प. वेगळं बटण नव्हतं.

"बटण कशाला?" पंत म्हणाले. "बोट काय मधेच बंद करतात?"

आता डबी स्कूटरला लावायची, तर फणशांच्या इमारतीत शिरायला कारण हवं. त्र्यंबकरावांना एकच सुचलं. शनिवारी दुपारी ते फणशांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तो आमचा निनावाचा डबा होता."

मुलीच्या बापाने मुलाकडच्यांच्या घरी जाऊन डबा परत मागण्याची ही ठाणे जिल्ह्यातली बहुधा पहिलीच वेळ. हेरंबच्या आई गोंधळल्या. डबा रिकामा कसा परत करायचा? आणि भरायला त्या वेळी घरात काही केलेलं नव्हतं. "थांबा हं, मी पटकन शिरा करते," त्या म्हणाल्या. त्र्यंबकराव म्हणाले, नको नको. त्या म्हणाल्या, असं कसं, असं कसं. शेवटी असं ठरलं, की सावकाश काहीतरी चांगलं करून हेरंबच डबा आणून देईल. त्र्यंबकराव खाली आले, जिन्याखालच्या निळ्या स्कूटरपाशी वाकले, चपलेचा अंगठा लावल्यासारखं केलं आणि डबी चिकटवून घरी गेले.

"डबा मागितलात?" नीलाताई खाली बसल्या. "मुलाकडे? डबा?"

"तो बहाणा होता."

"त्यांना काय ठाऊक बहाणा होता म्हणून? त्यांना वाटेल, यांच्याकडे एकच डबा आहे."

रविवारी नऊ वाजता त्र्यंबकराव ट्रान्झिस्टर घेऊन खोपटच्या नाक्यावर उभे होते. रिक्षा एकच होती. तिचा मालक गुणाजी मागच्या सीटवर तोंड पाडून बसला होता. त्याच्या घरचा टीव्ही आदल्या दिवशी जळला होता आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं.

"एका स्कूटरच्या मागे जायचंय," त्र्यंबकराव म्हणाले. "पण ती दिसता कामा नये."

"दिसली नाही तर मागे कसं जायचं, काका?"

त्र्यंबकरावांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला. टीक टीक ऐकू आलं, डावीकडे वळलं, बारीक झालं आणि त्याच्या जागी शेतकऱ्यांसाठी कपाशीवरील बोंडअळीची माहिती सुरू झाली. त्यांनी काटा फिरवला. अळी गेली, सनई लागली. त्यांनी ट्रान्झिस्टरला एक चापट मारली. सनईसुद्धा गेली.

"कुठं घेऊ?" गुणाजीने विचारलं.

त्याच वेळी समोरच्या इमारतीतून एकाच दमात ओरडा झाला. मग शेजारच्या. मग तिच्या शेजारच्या. गॅलऱ्यांत माणसं आली. कुणी गच्चीवर अँटेना फिरवायला धावलं. "टीव्ही गेला," एक जण वरून सांगत होता. "नुसत्या आडव्या रेघा. आणि टीक टीक वाजतंय. तिकडे त्याने बाण लावला आणि इकडे रेघा."

पंतांची डबी दोन गल्ल्यांपुरती होती. पण स्कूटरचा सगळा पत्रा तिला अँटेना म्हणून मिळाला होता आणि रेडिओपेक्षा तिला टीव्ही आवडला होता. त्र्यंबकरावांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांना आधी घाम फुटला आणि लगेच आनंद झाला. माणूस मूळचा तपासणी विभागातला.

"ट्रान्झिस्टर राहू दे," ते म्हणाले. "जिकडून ओरडा येईल तिकडे घे."

त्यानंतरचा प्रवास गुणाजी अजून सांगतो. खोपटला ओरडा, तिकडे रिक्षा. पाचपाखाडीला शांतता, म्हणजे इकडे नाही. वर्तकनगरात मोठा ओरडा.

"आमच्याच कॉलनीत?" त्र्यंबकरावांना आश्चर्य वाटलं. "इथे त्याचं काय काम?"

वरच्या गॅलरीत कमळाबाई हातात लाटणं घेऊन उभ्या होत्या. "अहो त्र्यंबकराव, कोण मेला हा टीव्हीत टिकटिकतोय?" त्यांनी वरूनच विचारलं. "इथे खाली दोन मिनिटं थांबून वाजला आणि मग पुढे गेला."

"चौकशी चालू आहे," त्र्यंबकराव म्हणाले आणि रिक्षा पुढे निघाली.

घोडबंदर रोडला लागल्यावर घरं तुरळक झाली. ओरडे कमी पडू लागले. मग गुणाजी प्रत्येक घरापाशी थांबून खिडकीतून डोकावायचा, "टीव्ही गेलता का?" असं विचारायचा आणि तेवढ्यात मालिका बघून घ्यायचा. एका घरी तर तो बसलाच. त्र्यंबकरावांना त्याला हाताला धरून उठवावं लागलं. बाळकुमच्या वेशीपाशी म्हातारी मनुबाई कोळीण टोपली उलटी टाकून रस्त्यात बसली होती. गावात टीव्ही एकच, देवळासमोरच्या ओट्यावर. तो आत्ता आत्ता बिघडून पुन्हा सुरू झाला होता, आणि ज्याने हे केलं त्याची ती वाट बघत होती.

"निली स्कूटर गेली का इकडून?" गुणाजीने तिच्याच बोलीत विचारलं.

"गेली ना. खाडीवर गेली. पोरगा व्हता, मागं पोरगी व्हती. पिवली वढणी."

त्र्यंबकराव रिक्षात बसल्या जागी मागे टेकले. म्हणजे कमळाबाई खऱ्या ठरल्या. त्यांना उत्तरा आठवली. बशा उचलता उचलता म्हणालेली, मला चालेल. सहा वर्षांनी मुलगी हो म्हणते आणि तो दुसरीला मागे बसवून खाडीवर हिंडतो. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"काय एकेक मुली असतात," ते गुणाजीला म्हणाले. "भर सकाळी परक्या मुलाबरोबर. यांच्या आईबापांचं लक्ष कुठे असतं?"

"टीव्ही बघत असतील, काका," गुणाजी म्हणाला.

देवळामागे निळी स्कूटर सापडली. आसपास कुणी नव्हतं. खाली धक्क्यापाशी झुडपांआड कुणी हसल्यासारखं वाटलं, पण तिकडे जाण्याची त्र्यंबकरावांना छाती झाली नाही. चौकशी संपली होती. आता डबी काढून घ्यायची, घरी जायचं आणि उत्तरासमोर बसायचं. डबी मात्र निघेना. पंतांचं लोहचुंबक बोटीवरचं होतं. त्र्यंबकराव आडवे झाले आणि स्क्रू ड्रायव्हरने ती उचकटू लागले.

इकडे गुणाजी देवळासमोर मालिकेचा उरलेला भाग बघायला बसला होता. शेजारच्याने विचारलं, कुठून आलास? गुणाजी सरळ माणूस. त्याने सांगितलं, की आमच्या काकांनी एका स्कूटरला टिकटिक लावली आहे, ती जाते तिथले टीव्ही बंद पडतात, आणि काका आत्ता मागेच आहेत. ओटा रिकामा झाला.

"काय रं करतंस तिथं?" मनुबाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोघांना खूण केली.

वर्तकनगरला आणि बाळकुमला चौकी एकच, त्यामुळे चौकी मागच्या वर्षीचीच होती आणि हवालदारही तोच, दगडू सांगळे. त्याने त्र्यंबकरावांकडे बघितलं, मग टेबलावरच्या दोरीच्या पेनाकडे बघितलं आणि ते दोरीतून सोडवून खिशात ठेवलं.

"तुम्ही ते टेबलवाले ना?"

गावकऱ्यांनी स्कूटर ढकलत आणून दारात उभी केली होती. डबी तिच्या पोटाला तशीच चिकटलेली.

"चोरी करत व्हता," मनुबाई म्हणाली.

"मी चोर नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "मी फक्त त्याच्या मागावर होतो."

"हात लावला त्याला?" सांगळेने विचारलं.

"नाही."

"काही बोललात?"

"नाही."

"शिट्टी?"

त्र्यंबकरावांनी मान हलवली.

"मग मागे जाणं हा काही गुन्हा नाही," सांगळे गावकऱ्यांना म्हणाला. "रस्ता सरकारी आहे. तरी या साहेबांचं मत वेगळं आहे. साहेब म्हणतात, असल्याला आधी आत टाका आणि मग कलम शोधा. मी टाकत नाही. पण बसा तिथे बाकावर, मत बदललं का ते विचार करा."

बाक अरुंद होता. त्र्यंबकराव त्यावर बसले. आपली वाक्यं इतकी नीट कुणी लक्षात ठेवली असतील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सांगळेने सहज विचारलं, "आणि ही डबी कसली?" आणि त्र्यंबकरावांना वाटलं, निदान एक उत्तर तरी बिनचूक द्यावं.

"अखंड संदेश सोडणारा बिनतारी प्रक्षेपक," ते म्हणाले.

सांगळेचा चेहरा उजळला. "लायसन्स आहे?"

"रेडिओचं आहे. घरी. पोस्टाचे सगळे शिक्के आहेत त्यावर, एकही वर्ष चुकलेलं नाही."

"ते ऐकायचं. ते तर बंद होऊन पण जमाना झाला. हे सोडायचं आहे. याला तेहतीस सालचा कायदा आहे, इंग्रजांचा." इंग्रजांना माणसाने माणसामागे लागलेलं चालत होतं, न विचारता तारेवाचून बोललेलं चालत नव्हतं. "आता हे वरपर्यंत जाणार. दिल्लीपर्यंत."

तेवढ्यात दारात हेरंब आला, धापा टाकत. "हवालदारसाहेब, माझी स्कूटर..." असं म्हणता म्हणता त्याला स्कूटर दिसली, मग बाकावरचे काका दिसले, आणि त्याने हात जोडले. सवयीने.

"ही दूध केंद्राची चौकशी अजून चालूच आहे का, काका?"

त्र्यंबकराव ताठ उठले. छप्पन्न वर्षांची सगळी अब्रू त्यांनी आवाजात गोळा केली. "हेरंबराव, मला तोंड दाखवू नका. माझी मुलगी घरी तुमची वाट बघते आहे आणि तुम्ही पिवळ्या ओढणीच्या..."

पिवळी ओढणी हेरंबच्या मागून आत आली. ती त्र्यंबकरावांनीच गेल्या दिवाळीत आणली होती.

उत्तराने बापाकडे पाहिलं. मग ती स्कूटरपाशी जाऊन वाकली आणि तिने डबीवर टिचकी मारली.

"ही आपल्या बाथरूममधली आहे."

"हो," त्र्यंबकराव म्हणाले.

"मी तीन दिवस शोधतेय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोहे खाऊन गेल्याच्या पुढच्याच रविवारपासून ती दोघं भेटत होती. आयुष्यभराचं ठरवायचं तर चार वाक्यं तरी बोलायला हवीत, आणि सबंध ठाण्यात ओळखीच्या डोळ्यांवाचून बोलता येईल असा आठवड्यात एकच तास होता. त्या तासात वाणी, न्हावी, इस्त्रीवाला, कमळाबाई सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले असत.

"तक्रार द्यायची का?" सांगळेने हेरंबला विचारलं. "हे तुमचे कोण लागतात?"

हेरंबने उत्तराकडे पाहिलं, मग त्र्यंबकरावांकडे. "ते अजून ठरलेलं नाही," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी मी आले होते तेव्हा कलम नव्हतं," उत्तरा सांगळेला म्हणाली. "आज टीव्हीवर रेघा आल्या तर लगेच सापडलं."

"ताई, कायदा मी नाही लिहिला," सांगळे म्हणाला. त्याने खिशातून पेन काढून परत दोरीला बांधलं.

डबीचं काय करायचं हा प्रश्न उरला. ती बिनतारी खात्याचा तज्ज्ञ येऊन पाहीपर्यंत काढायची नाही, असं सांगळेने ठरवलं. मुद्देमालाला हात लावून नसती जबाबदारी कोण घेणार? स्कूटर ठेवून घ्यावी तर चौकीसमोर जागा नाही. म्हणून डबी स्कूटरला, स्कूटर मालकाच्या ताब्यात, आणि मालकाने स्कूटर जिल्ह्याबाहेर न्यायची नाही, असा तोडगा निघाला. इंजिन चालू झालं की डबी बोलणार. बटण नव्हतं.

हेरंबने स्कूटर सुरू केली. देवळाकडून लगेच ओरडा आला. निघताना तो त्र्यंबकरावांना म्हणाला, "आईशी बोलून कळवतो, काका."

कळवतो. वधूपित्याला हा शब्द लहानपणापासून नाही तरी मुलीच्या जन्मापासून कळतो. ज्यांना हो म्हणायचं असतं ते हो म्हणतात, बाकीचे कळवतात.

गुणाजीच्या रिक्षातून बाप-लेक घरी आले. वाटेत उत्तरा एकच वाक्य बोलली. "बाबा, तो मरून शर्टवाला आणि तुम्ही, फरक एवढाच की त्याच्याकडे डबी नव्हती." गुणाजीने रिक्षा जरा जोरात घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले. उत्तरा बँकेत जायची, यायची, जेवायची. बोलायची फक्त आईशी. नवी साबणाची डबी आली, हिरवी. नीलाताई म्हणत, "विचारायचं होतं तिला. एका घरात राहता." एवढंच, पण दिवसातून दोनदा. कल्याणच्या झोपाळू मुलाकडून पुन्हा विचारणा आली, ती त्र्यंबकरावांनी कुणाला सांगितली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे हेरंब आता ऐकू येत होता. सकाळी पावणेआठला खोपटला टिकटिक झाली की लोक म्हणत, फणशांचा मुलगा निघाला कामाला. संध्याकाळी कमळाबाई वरून बातमी देत. "काल साडेसातला पाचपाखाडीत होता हो. पाच मिनिटं. मिठाईवाल्याकडे असेल." किंवा, "आज अजून आला नाही घरी. ओव्हरटाइम दिसतोय." ज्या माणसाचा माग काढायला त्र्यंबकरावांनी एवढी अब्रू घालवली, त्याचा माग आता घरबसल्या फुकट मिळत होता, आणि त्यांना तो नको होता. बातम्यांच्या वेळी ते टीव्ही बंद करून बसू लागले.

गुरुवारी मात्र नीलाताईंनी टीव्ही लावला. साडेसातच्या बातम्या सुरू झाल्या आणि निवेदिकेच्या कपाळावर एक बारीक रेघ आली. टीक.

"निघाला खोपटहून," वरून कमळाबाई म्हणाल्या.

उत्तरा पुस्तक वाचत होती. तिने पान उलटलं नाही. रेघ जाड झाली, मग दोन झाल्या. निवेदिकेचा आवाज टिकटिकीखाली बुडत गेला. शेजारच्या इमारतीतून ओरडा आला, मग समोरच्या. पडद्यावर आता बाई उरली नव्हती, नुसते पट्टे होते. टिकटिक खोलीत घुमू लागली आणि मग एकदम थांबली. निवेदिका परत आली आणि म्हणाली, आता हवामान.

इंजिन बंद झालं होतं, ते खालीच.

त्र्यंबकराव उठले आणि गॅलरीकडे निघाले. वरून डोकावलं की स्कूटर दिसली असती, चेहरा दिसला असता, हातात काय आहे ते दिसलं असतं.

"बाबा," उत्तरा म्हणाली.

रविवारनंतर पहिल्यांदाच. त्र्यंबकराव थांबले. दोन पावलांवर गॅलरी होती. ते मागे वळले आणि खुर्चीत येऊन बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

जिन्यात पावलं वाजत आहेत. पावलांबरोबर कडीच्या डब्याची कडी वाजते आहे. नीलाताई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक धरून कान देत उभ्या आहेत. तीस वर्षं त्यांनी तो डबा हाताळला, तरी तो रिकामा आहे की भरलेला, हे त्यांना आवाजावरून सांगता येत नाही. बिनतारी खात्याचा तज्ज्ञ अजून आलेला नाही. पावलं पहिला मजला ओलांडून वर आली आहेत. बेल वाजायची आहे.